साठेखत झालं म्हणजे घर आपलं झालं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही नवरा-बायको पुण्यात कोथरूडला अठरा वर्षं जुन्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतोय. किंमत ८० लाख. दलाल म्हणतो, रविवारी दोन लाख विसार द्या, पंधरा दिवसांत साठेखत करू, मग बँक पैसे सोडेल, मग खरेदीखत. मालकाचं स्वतःचं २२ लाखांचं कर्ज बाकी आहे. सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं नाही, पण 'कुणाचंच नसतं' म्हणे. हे सगळे शब्द आम्ही ऐकलेत, पण एकाचाही नेमका अर्थ सांगता येत नाही. समजावून सांगाल का?"

सांगतो. गेली सव्वीस वर्षं मी मिळकतींचे सर्च, म्हणजे सरकारी नोंदींचा शोध, घेतोय आणि दस्त करतोय. माझ्यासमोर बसणाऱ्या शंभरातल्या नव्वदांची हीच अवस्था असते, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. एक गोष्ट मात्र आधीच मनाशी धरा. या व्यवहारातला जवळजवळ प्रत्येक शब्द म्हणजे एका टप्प्याचं नाव आहे. तो टप्पा पार झाल्यावर माझ्या हातात काय आलं आणि माझ्या हातून किती पैसे गेले, एवढंच विचारायचं. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर दलाल कितीही घाई करो, थांबायचं.

विसारापासून सुरुवात करू, कारण तुमचा रविवार जवळ आलाय. विसार किंवा इसार म्हणजे व्यवहार पक्का केल्याची खूण. त्यानं घरात तुमचा कसलाही हक्क तयार होत नाही. तुम्ही मागे फिरलात तर तो जप्त होऊ शकतो, मालक फिरला तर त्यानं तो परत करायचा असतो. बहुतेक छापील विसार पावत्यांमध्ये "कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम विनाकपात परत" हे वाक्य नसतं. ते लिहून घ्या. ते नसेल आणि बँकेनं नाही म्हटलं, तर दोष तुमचा ठरतो आणि दोन लाखांवर पाणी सोडावं लागतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी एक शिक्षक दांपत्य माझ्याकडे आलं होतं. शंभराच्या स्टँपवर नोटरी केलेली विसार पावती, त्यावर दिलेले आठ लाख, आणि सही एकाच भावाची. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, काढून पाहिला तर फ्लॅट दोन भावांच्या आणि आईच्या नावावर. आई वारलेली, म्हणजे तिच्या हिश्शाला लग्न झालेल्या दोन बहिणीही वारस. त्यातली धाकटी सही द्यायला तयार नाही. आठ लाख परत यायला तीन वर्षं लागली, तेही हप्त्याहप्त्यानं. "पण नोटरी केली होती ना," हे वाक्य त्या तीन वर्षांत मी किती वेळा ऐकलं असेल! नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी फार तर सही कुणी केली एवढं सांगतो. नोंदणी होते ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, १९०८ च्या नोंदणी अधिनियमाखाली. स्थावर मिळकतीची विक्री नोंदवलेली नसेल तर त्या कागदावर मालकी सांगता येत नाही.

आता मुख्य जोडी, साठेखत आणि खरेदीखत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं ५४ वं कलम यातला फरक स्वच्छ सांगतं. विक्रीचा करार हा, अमुक अटींवर पुढे विक्री होईल, एवढंच ठरवणारा करार आहे. त्यानं स्वतःहून मिळकतीत कुठलाही हक्क निर्माण होत नाही. तो करार म्हणजे साठेखत. मालकी जाते ती खरेदीखतानं. साठेखत करूनही मालकानं खरेदीखत दिलं नाही तर तुम्ही कोर्टात जाऊन "करार पाळायला लावा" असं मागू शकता, आणि त्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते. पण तोपर्यंत तुम्ही मालक नसता, एका कराराचे धनी असता. कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे मालकाच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या कागदावर, घर "विकत" घेणाऱ्यांची गत याहून वाईट. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं की साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा संच हातात असला तरी त्यानं मालकी हस्तांतरित होत नाही.

मग तुमच्या ओळखीतले निम्मे लोक वीस-वीस वर्षं नुसत्या साठेखतावर सुखानं राहताहेत, ते कसे? इथे आपल्याकडची एक गंमत आहे. बाहेरच्या राज्यातून बदलून आलेल्या वकिलालाही ती समजावून सांगावी लागते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार, ज्या साठेखतात ताबा दिलेला आहे किंवा देण्याचं ठरलेलं आहे, त्यावर खरेदीखताइतकंच पूर्ण मुद्रांक शुल्क लागतं. म्हणजे सगळा खर्च साठेखतालाच होऊन जातो आणि नंतरच्या खरेदीखताला नाममात्र शुल्क राहतं. लाखो रुपये भरून झाले, ताबा मिळाला, सोसायटीनं शेअर सर्टिफिकेट दिलं. मग पुढच्या कागदासाठी पुन्हा निबंधकाच्या दारात कोण जाणार? बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटच्या बाबतीत तर सोसायटी असेल तिथे रचनाच अशी आहे की फ्लॅटधारकाला नोंदवलेला करार मिळतो, आणि जमीन व इमारत यांचं खरेदीखत एकेकाला न होता अख्ख्या सोसायटीच्या नावानं होतं. या शेवटच्या कागदाचं नाव कन्व्हेयन्स, सरकारी मराठीत अभिहस्तांतरण.

म्हणून "कुणाचंच नसतं" हे दलालाचं वाक्य वस्तुस्थिती म्हणून बरंचसं खरं आहे आणि सल्ला म्हणून टाकाऊ आहे. कन्व्हेयन्स नाही याचा अर्थ, तुमच्या सोसायटीच्या पायाखालची जमीन कागदावर अजून मूळ जमीनमालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. रोजच्या जगण्यात त्यानं काही अडत नाही. अडतं ते इमारत जुनी झाल्यावर. पुनर्विकास करायचा म्हटलं की जमिनीचा मालक कोण, शिल्लक एफएसआय (प्लॉटवर करता येणाऱ्या बांधकामाचं प्रमाण) कुणाचा, टीडीआर (दुसरीकडून आणलेला बांधकामाचा हक्क) कुणाला वापरता येईल, हे प्रश्न उभे राहतात, आणि पंचवीस वर्षं गायब असलेला बिल्डर किंवा त्याची मुलं अचानक प्रकट होतात. तुमची इमारत अठरा वर्षांची आहे. तुमचं कर्ज फिटेल तेव्हा ती अडतिसाव्या वर्षात असेल. हा प्रश्न तुमच्याच काळात येणार.

यावर उपाय आहे. १९६३ च्या मोफा कायद्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्यात, दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय झाली. बिल्डर सही देत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करते, दोन्ही बाजूंची सुनावणी होते, आणि बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करण्याचा आदेश मिळू शकतो. तेव्हा सोसायटीच्या सचिवांना भेटून विचारा: अर्ज केलाय का? नसल्यास का नाही? "आमच्यात एकी नाही हो" असं उत्तर आलं तर किंमत ठरवताना ते लक्षात ठेवा. कन्व्हेयन्स नाही म्हणून फ्लॅट घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर पुण्या-मुंबईत जुनं घर घेणंच बंद होईल.

एक खात्री मात्र करून घ्या, इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट. पाटीवर "अपार्टमेंट" लिहिलेलं असतं त्यावरून काही कळत नाही. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र नोंदवलेलं असेल तर प्रत्येक फ्लॅटधारकाला स्वतंत्र डीड ऑफ अपार्टमेंट मिळतं. त्यात फ्लॅटची मालकी आणि जमिनीतला अविभाज्य हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. तिथे मालकाकडे हे डीड नसेल तर साखळीतला एक दुवा तुटलेला आहे असं समजायचं. सोसायटीत मात्र तुम्ही घेता ते फ्लॅटचे हक्क, सोसायटीचे शेअर आणि सभासदत्व.

साखळी हा शब्द आलाच आहे. पहिला खरेदीदार आणि बिल्डर यांच्यातला करार, मग त्यानं दुसऱ्याला विकलं तो करार, असं करत आजच्या मालकापर्यंत प्रत्येक दस्ताची मूळ प्रत, नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू हवा. इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक २, हा नोंदवलेल्या दस्ताचा एका पानाचा गोषवारा असतो: कुणी, कुणाला, कोणती मिळकत, किती मोबदला, किती शुल्क. लोक तो मालकीचा पुरावा म्हणून फ्रेम करायचेच बाकी असतात. तो पुरावा आहे दस्त नोंदल्याचा. विकणाऱ्याला मुळात हक्क होता का, हे तो सांगत नाही.

ते सांगायचं काम टायटलचं. इथेही दोन शब्दांची गल्लत होते. सर्च रिपोर्ट म्हणजे निबंधकाच्या नोंदवह्यांत आणि संगणकावर, सहसा तीस वर्षांत, काय सापडलं त्याची यादी. जुन्या वह्यांची पानं इतकी फाटलेली असतात की आम्ही अहवालात तसं लिहूनच देतो. टायटल सर्टिफिकेट म्हणजे ती यादी आणि सगळे कागद वाचून वकिलानं दिलेलं मत: हक्क निर्वेध आणि विक्रीयोग्य आहे की नाही. दलाल पाचशे-हजार रुपयांत "सर्च झालाय" म्हणून जे देतो ते पहिलं असतं, दुसरं नव्हे.

आणि सर्चमध्ये जे दिसतच नाही त्याचं काय? मृत्यू दिसत नाही. मालक वारला की हक्क वारसांकडे जातो, त्यासाठी कुठला दस्त नोंदावा लागत नाही. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, तेव्हा तेही दिसेलच असं नाही. सोसायटीची थकबाकी दिसत नाही. तुमच्या मालकाला फ्लॅट वडिलांकडून आला असेल आणि तो म्हणत असेल "मी नॉमिनी आहे, शेअर सर्टिफिकेट माझ्या नावावर झालंय", तर तिथेच थांबा. नॉमिनी हा वारसांच्या वतीनं सांभाळणारा असतो. नॉमिनेशननं मालकी मिळत नाही. बाकीच्या वारसांचं नोंदवलेलं हक्कसोडपत्र हवं, नाहीतर त्या सगळ्यांच्या सह्या तुमच्या दस्तावर हव्यात.

सातबारा आणि प्रॉपर्टी कार्डाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी दोन ओळी. दोन्ही महसुली नोंदी आहेत. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत त्या खऱ्या मानल्या जातात, पण त्या मालकी देत नाहीत. शहरात सिटी सर्व्हे झालेला असतो तिथे मालमत्ता पत्रक पाहायचं. त्यात जमीन आज कुणाच्या नावावर आहे आणि सत्ता प्रकार, म्हणजे ती कोणत्या हक्कानं धारण केली आहे, हे बघा. जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली, किंवा सरकारी भाडेपट्ट्याची निघाली तर हस्तांतरणाला सरकारची परवानगी आणि नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, लागू शकतो. मग गाडी वकिलाकडे वळवायची.

मालकाचं कर्ज ऐकून तुम्ही घाबरलात, पण मला ती त्यातल्या त्यात निर्धास्त करणारी गोष्ट वाटते. कर्ज देताना एका बँकेनं कागद तपासलेत आणि मूळ दस्त तिच्या तिजोरीत आहेत, एवढं तरी कळतं. याला मूळ दस्त ठेवून केलेलं गहाण म्हणतात. पूर्वी असं गहाण कुठेच नोंदलं जात नसे, त्यामुळे रंगीत झेरॉक्सवर फ्लॅट दोनदा विकल्याचे प्रकार घडायचे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, तीस दिवसांत निबंधकाकडे दाखल करावी लागते. शिवाय सरसाई नावाची केंद्रीय नोंदवही आहे. थोडी फी भरून तिच्यात कुणालाही शोध घेता येतो. दोन्हीकडे बघा, मालकानं सांगितलेल्या एका बोजाखेरीज दुसरा निघत नाही ना, ते कळेल.

पैसे द्यायचा क्रम असा ठेवा. मालकाच्या बँकेकडून दोन पत्रं घ्यायला लावा, एक आजच्या बाकीचं आणि एक तिच्याकडे कोणकोणते मूळ दस्त आहेत त्या यादीचं. साठेखतात लिहा की २२ लाख, किंवा त्या दिवशी जी बाकी असेल ती, तुमच्या बँकेकडून थेट त्याच्या कर्जखात्यात जाईल. "माझ्या खात्यात टाका, मी भरतो" याला नम्रपणे नाही म्हणा. कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत देणं, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीनं उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ते कागद थेट तुमच्या बँकेच्या ताब्यात जातील अशी तिघांची लेखी व्यवस्था करून ठेवायची.

आता तुमच्या खिशाकडे येऊ. ८० लाखांचा फ्लॅट म्हणजे ८० लाखांची सोय केली की झालं, असं धरून चालणारा माणूस निबंधकाच्या कार्यालयाबाहेर मेव्हण्याला फोन करताना दिसतो. कर्ज किती मिळेल याला वरची मर्यादा आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. उरलेला भाग तुमचा, त्याला मार्जिन मनी म्हणतात. आणि या हिशेबात घराच्या किमतीत मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च धरत नाहीत. म्हणजे तुम्हाला फार तर ६४ लाख मिळतील, तेही बँकेच्या मूल्यांकनात फ्लॅट ८० लाखांचा ठरला आणि तुमचं उत्पन्न पुरलं तर. मार्जिन १६ लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी एक टक्का पण कमाल ३०,००० रुपये. ही बेरीज २१ लाख ९० हजार, आणि दलाली, वकील, सोसायटीची हस्तांतरण फी, बँकेची प्रोसेसिंग फी अजून धरलेलीच नाही.

शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दराच्या, मूल्यावर, जे जास्त असेल त्यावर लागतं. "करार कमी किमतीचा दाखवू, बाकी रोख" ही सूचना आलीच तर सांगतो: स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि कराराची किंमत घटली की तुमचं कर्जही त्याच प्रमाणात घटतं.

फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सूट आहे, तुमच्या बाबतीत ८०,००० रुपये. नवऱ्याचं नाव सोबत लावलं की ती जाते. मोह होतो, पण कर्जाच्या व्याजावरची आयकराची वजावट जो घराचा मालक किंवा सहमालक असेल त्यालाच मिळते. हप्ते नवरा भरणार असेल तर वीस वर्षांचा हिशेब मांडून मग ठरवा.

किंमत ५० लाख किंवा त्यावर आहे, म्हणून एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायची जबाबदारी विकत घेणाऱ्याची, म्हणजे तुमची. ८०,००० मालकाला न देता त्याच्या पॅनवर भरायचे. मालक परदेशात स्थायिक असेल तर हा एक टक्का लागू नाही. तिथे कपात बरीच मोठी असते आणि ती चुकली तर आयकर खातं तुम्हाला धरतं. कोथरूडातल्या बऱ्याच फ्लॅटांचे मालक आज अमेरिकेत आहेत, तेव्हा हे गमतीनं घेऊ नका.

हप्त्याचं गणित बहुतेकांना माहीत असतं, पण त्याचा आकार माहीत नसतो. ६४ लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता ५५,५४१ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले ४५,३३३ व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं १०,२०८. दहा वर्षांनी, म्हणजे निम्मा प्रवास झाल्यावरही, सुमारे ४४ लाख ८० हजार मुद्दल शिल्लक असतं. वीस वर्षांचं एकूण व्याज ६९ लाखांच्या वर. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत जादा भरलेला एक लाख पंधराव्या वर्षातल्या लाखापेक्षा कितीतरी जास्त काम करतो. व्यक्तीच्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही. दर वाढला की बँका हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात आणि आपल्याला पत्ता नसतो; वर्षातून एकदा खातेउतारा काढून उरलेले हप्ते मोजत जा. प्री-ईएमआय हा शब्द तुम्हाला लागू नाही. बांधकाम चालू असताना जेवढं कर्ज सुटलं त्यावरच्या नुसत्या व्याजाला तसं म्हणतात.

क्षेत्रफळाचं एकच पाहा. जाहिरातीत "१,००० फूट" लिहिलंय ते कशाचं? जुन्या करारांत बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप लिहीत. त्यात जिना, लिफ्ट, भिंती असं सगळं मिसळलेलं असे, आणि मोजपट्टी घेतली की हजाराचे साडेसातशे होतात. रेरा या स्थावर मिळकत कायद्याच्या व्याख्येतल्या चटई क्षेत्रात (कार्पेट एरियात) आतल्या पार्टिशन भिंती येतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी येत नाहीत. रेरा आला २०१६ मध्ये, तुमची इमारत त्याआधीची, तेव्हा करारात काय लिहिलंय ते स्वतः वाचा आणि दर चटई क्षेत्रावर काढून शेजारच्या फ्लॅटशी ताडून बघा.

राहिलं भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला पुण्यात बरेच जण नुसतं "कंप्लीशन" म्हणतात. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आहे आणि राहायला योग्य आहे, असं महापालिकेनं दिलेलं पत्र. कन्व्हेयन्स नसलेला फ्लॅट मी घ्या म्हणेन, भोगवटा पत्र नसलेला मात्र अशिलाला घेऊ देताना माझा हात अडखळतो. कधी कधी पत्र असतं पण भागशः, आणि तुमचा मजला त्यात नसतो. तेव्हा पत्राची प्रत घेऊन मजला आणि फ्लॅट क्रमांक बोटानं तपासा. गॅलरी आत घेतलेली असेल तर मंजूर नकाशाशीही ताडा. बँकेचा मूल्यांकन करणारा ते पाहणारच आहे.

तर या रविवारी दलालाला दोन लाखांऐवजी पाच कागदांची यादी द्या: मालकाच्या कराराची प्रत आणि इंडेक्स टू, आधीच्या करारांच्या प्रती, भोगवटा पत्र, शेअर सर्टिफिकेट, आणि मालकाच्या बँकेचं बाकीचं पत्र. मालक खरोखर विकणारा असेल तर चार दिवसांत येतील. "दुसरी पार्टी तयार आहे" असा फोन बुधवारपर्यंत येईलच. तो मला गेली सव्वीस वर्षं येतोय.